चिक्कीत दिलेली गोळी

त्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आमी चौघं हुतो. मी हौसाबाई, तिकोना पेठंची. माजी लेक संगीता, तवा चौतीस वर्सांची. माजं दीर दत्तूभावजी, ज्येंनी शेजाऱ्याची जीप मागून आनली. आन् आमच्या गावची आशाताई सुनंदा, जिनं सा महिनं माज्या मागं लागून आमाला तितवर न्हेलं. टेबलापल्याड डाक्टरीनबाई, ती धरून पाच. संगीताचा नवरा न्हवता. त्येला निरोप दिलता.

मी चवथी शिकलेली. मी बोलती आन् जरीनाताई लिवून घेत्यात. त्या कोन, ते म्होरं यील.

संगीता सुदुंबऱ्याला दिलीती. नवराबायकू दोगं आंबीच्या कंपनीत कामाला, ती पॅकिंगला. धा वर्सं बरी गेली. मंग कंपनीच्या गाडीतल्या बाया आपल्यावरच बोलत्यात, आसं तिला वाटाया लागलं. मंग म्हनायची, शेजारीन भिंतीतनं बोलती. मंग सासू जेवनात काय तरी कालवती म्हनून भरलं ताट सारून उठायची. एक दिस नवऱ्यानं तिला आमच्या अंगनात आनून सोडली, हातात एक पिशवी. "बरी झाली की फोन करा," म्हनला आन् गाडीला किक मारली. पानी बी पिला न्हाई.

एक वरीस मी देवरुशी केलं, अंगारा केला, लिंबू उतरून टाकलं. सांगायला लाज न्हाई. जे म्हाईत हुतं ते केलं.

डाक्टरीनबाई आदी संगीताशी एकलीशी बोलली, मंग आमाला आत घेतलं. आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माज्या तोंडात बसत न्हाई. मी म्हनले, "बाई, मराठीत सांगा."

"मावशी, हिला जे नाही ते ऐकू येतं. जे नाही त्याचा संशय येतो. ती नाटक करत नाही, तिला ते खरंच ऐकू येतं. हा आजार आहे, बीपी-शुगर असते तसा."

"करनी न्हाई?" भावजींनी इचारलं.

"नाही."

"मंग बरी व्हनार का?"

"रोज गोळी घेतली तर चांगली राहील. घाई करू नका, वर्षं लागतात. आणि एक लक्षात ठेवा. गोळी तिला सांगून द्यायची. लपवून नाही."

ह्ये शेवटचं मी ऐकलं. डोक्यात ठेवलं न्हाई.

जीपनं परत निगालो. पवनानगर मागं पडल्यावर भावजी म्हनले, "वयनी, आता रोगाला नाव तरी मिळालं. बिननावाचा रोग लय वंगाळ." मला बी जरा हलकं वाटलं. संगीता खिडकीतनं धरनाचं पानी बगत हुती.

*

गोळी देनं मला सोपं वाटलतं. पानी द्यायचं, गोळी द्यायची, झालं.

"ह्यात काय हाय?"

"औशीद हाय."

"कोनी दिलं?"

"डाक्टरीनबाईनं."

"तिला कोनी सांगितलं? सासूनं?"

आन् गोळी चुलीत. आठ दिस आसंच. नवव्या दिवशी मी रागानं तिचं तोंड दाबून घालाया गेले, तर तिनं माज्या हाताला चावा घेतला. दातांची खून अजून हाय. मी बी तिला मारलं. चौतीस वर्सांच्या लेकीला मी मारलं.

मंग मला माजीच अक्कल आठवली. आमचं धनी हुतं तवा आमी लोनावळ्याला ऱ्हायचो, आन् मी बावीस वर्सं चिक्कीच्या कारखान्यात काम केलं. पाकाचा थेंब पान्यात टाकला की कसा टनकन वाजला पायजे, ते माज्या कानाला कळतं. गरम चिक्की लाटनं, थंड व्हायच्या आत वड्या पाडनं, सगळं मी केलं. आन् त्या कामातल्या बाईला एक गोष्ट कळती, गुळाच्या पाकात काय बी झाकतं. करपलेला दाना बी झाकतो.

संगीताला चिक्की ल्हानपनापासनं आवडती. मी गोळी पाट्यावर बारीक केली. पाक उतरवल्यावर एका एका वडीत एका एका दिसाची पूड दाबली. वरनं तीळ लावलं, म्हंजी मला वळकू यील. सकाळी च्या झाला की एक वडी तिच्या हातावर ठेवायची. ती कुरूकुरू खायची. मी तोंड फिरवून भांडी घासायची.

दोन महिनं आसं चाललं. फरक पडला, ह्ये खोटं न्हाई सांगत. ती भिंतीशी भांडायची थांबली. केस इंचरले. एक दिस स्वताहून अंगन झाडलं. महिन्याच्या तपासनीला डाक्टरीनबाई म्हनली, "छान. गोळ्या घेते ना?" मी म्हनले, "घेती की." सुनंदा म्हनली, "मावशी, कसं जमवलं?" मी नुसती हसले. मला वाटलं, माज्यावानी शानी बाई मावळात न्हाई.

*

मंग एक दिवस भावजी आलते. मी नळावर गेलते. संगीतानं त्येनला बसाया पाट दिला, पानी दिलं. वर्सात पयल्यांदा तिनं पाव्हन्याचं केलं. आन् घरात गोड काय हाय, तर डब्यातली चिक्की. तिनं तिची वडी काकाला दिली. "काका, घ्या. आई लय चांगली करती."

भावजी माळकरी मानूस. कदी सुपारीला हात लावला न्हाई. तितनं ते ग्रामसभंला गेले आन् खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. सरपंच बोलतुया आन् ह्येंचं डोकं त्येच्या खांद्यावर. हालवलं तरी डोळं उगडंनात. चौघांनी उचलून घरी न्हेलं. सगळं गाव म्हनलं, दत्तूआबा माळ घालून पितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तावातावानं आमच्या दारात. मागं शेजारपाजारच्या चार बाया.

"वयनी, काल मला काय खायला घातलं?"

"काय न्हाई की."

"काय न्हाई कसं? तुमच्यात चिक्की खाल्ली आन् माजं डोळं मिटलं. गाव मला दारुडा म्हनतंय!"

संगीतानं माज्याकडं बगितलं. ती उटली, डबा आनला, तिळाची एक वडी फोडली आन् जिभंवर ठेवली. सावकाश चगळली.

"कडू लागतंय," ती म्हनली. "आई, ह्यात काय हाय?"

तवा मी खरं बोलाया पायजे हुतं. पर समोर भावजी, समोर बाया. मी म्हनले, "कडू कसलं? गूळ करपला आसंल. तुला भास व्हतोय."

बावीस वर्सांत माज्या हातनं गूळ कदी करपला न्हाई.

बाया एकमेकीकडं बगून गेल्या. "बिचारीला परत झालं," आसं म्हनल्या. संगीतानं डबा ठेवला, आन् त्या दिसापासनं माज्या हातचं खायाचं सोडलं.

*

ती खायची कसं, ते सांगती. सालीचं खायची. केळं, उकडलेलं अंडं कवचासकट, शेंगा. नायतर दुकानातला बिस्किटाचा पुडा, तो बी आदी उलटापालटा करून बगायची, कुटं फोडलाय का. पानी नळावर जाऊन ओंजळीनं पियाची. मी भाकरी केली, की ती उटून अंगनात जायची.

गोळी तर बंदच. पंधरा-वीस दिसांत भिंतीतली शेजारीन परत आली, आन् आता ती एकटी न्हवती.

एक दिवस नळावर संगीता चक्कर येऊन पडली. हाडं राह्यलीती. तळेगावच्या बाजूला एका दवाखान्यात तिला अकरा दिस ठेवलं.

तितं सगळं घड्याळावर. सकाळी झाडू, मंग च्या, मंग सिस्टर ट्रे घेऊन यायची. मी खाटंखाली सतरंजी टाकून बसायची. पयल्या दिवशी मला धाकधूक, आता ही सिस्टरला चावती. पर सिस्टर म्हनली, "संगीता, हे बघ पाकीट. वाच नाव. आता तूच फोड." संगीतानं फोडलं, वास घेतला, गिळली. पान्याचा घोट, आन् झालं. मी खाटंखालनं बगत हुते. माज्या दोन महिन्यांच्या शानपनाला सिस्टरनं एका मिनिटात पानी पाजलं.

जेवन बी ती दवाखान्यातलं खायची, कारन सगळ्यांना एकाच पातेल्यातनं. मी सुनंदाच्या हाती मेथीची भाजी-भाकरी मागवली, तर ती तिनं पल्याडच्या खाटंवरच्या कामशेतच्या मावशीला दिली. "माज्या आईचं हाय. खाऊन बगा. झोप आली तर सांगा."

कामशेतची मावशी सगळी भाकरी खाऊन म्हनली, "झोप न्हाई आली गं पोरी. पर मीठ झक्कास हाय." मला हसू बी आलं आन् रडू बी. ती मावशी मला रोज आपल्या च्यातला अर्दा द्यायची. तिचं नाव इचारायचं राह्यलं.

घरी आल्यावर मागचे तेच दिवस परत. पाकीट माज्या फळीवर, मंजी माज्या हातचं. ती घेईना.

भावजी म्हनले, "वयनी, मला वाईट वाटतं, पर आता बास. पाडव्यापतुर बगू. न्हाईतर पुन्याला न्हेऊन मेंटल हॉस्पिटलात टाकू. तुमी उद्या मेल्यावर हिला कोन बगनार? मी?"

ते चुकीचं बोलत न्हवते. म्हनून मला जास्त लागलं.

*

जरीनाताई तवा आल्या. गावोगाव फिरून ह्या आजाराची मानसं बगनारी एक संस्था हाय, तितं त्या काम करत्यात. तळेगावच्या. स्कुटी घेऊन दर बुधवारी. दवाखान्यानं त्येंनला आमचा पत्ता दिलता.

पयल्या बुधवारी त्या दारात उब्या राह्यल्या. मला वाटलं माज्याशी बोलतील. त्या म्हनल्या, "संगीता, मी आत येऊ का?"

संगीता म्हनली, "नको."

"बरं." आन् त्या ओट्यावर बसल्या. अर्दा तास बसल्या, घामजलेलं तोंड पुसलं, गेल्या. दुसऱ्या बुधवारी तसंच. तिसऱ्या बुधवारी तसंच. मी मनात म्हनले, हिला पगार बसायचा मिळतो का काय. चवथ्या बुधवारी संगीता म्हनली, "ऊन लय हाय. आत या." तीन वर्सांत तिला कोनी येऊ का म्हनून इचारलं न्हवतं, ह्ये मला तवा कळलं. मी बी न्हाई.

नंतर एकदा त्या माज्याजवळ वाल सोलायला बसल्या. "मावशी, ती तुमच्या हातचं का खात नाही?"

मी सगळं सांगितलं. जे आत्ता तुमाला सांगितलं ते. मला वाटलं आता ही रागावनार.

"गोळी लपवून दिलीत ती एक चूक," त्या म्हनल्या. "घरोघरी होते. माझ्या भावाला हाच आजार आहे. अम्मीनं त्याला ईदच्या शिरखुर्म्यात गोळी दिली होती. तो आजतागायत शिरखुर्मा खात नाही."

"मंग?"

"पण तुम्ही तिला भास होतोय म्हणालात, ते जास्त वाईट. त्या दिवशी ती खरं बोलत होती, मावशी. कडूच होतं. आता तिनं कशावर विश्वास ठेवायचा? स्वतःच्या जिभेवर की आईवर?"

मी वाल सोलत राह्यले. "आईनं लेकीची माफी मागायची व्हय? आमच्यात न्हाई मागत."

"आमच्यात तरी कुठं मागतात," त्या म्हनल्या. "मागावी लागते."

"बरं, घरात सांगती तिला."

"खोटं चारचौघांत बोललात. खरं घरात कसं चालेल?"

*

पवनानगरला संस्थेची एक खोली हाय. महिन्यातनं एकदा तितं आमच्यावानी घरं जमत्यात. आजारी मानूस आन् त्येच्या घरचं, सतरंजीवर गोल बसायचं, च्या प्यायचा, बोलायचं. पाडव्याच्या आदल्या महिन्यात मी गेले. संगीता जरीनाताईंच्या स्कुटीवर आली. भावजींना ताईंनी फोन केलता, तेबी आले, दाराजवळ चप्पल घालूनच बसले, मंजी उटून जायला बरं.

माजी पाळी आली. मी कारखान्यात मुकादमाला कदी भ्याले न्हाई. त्या दिवशी भ्याले. मी संगीताकडं तोंड केलं.

"संगी, मी तुज्या चिक्कीत गोळी घालत हुते. तू म्हनलीस कडू लागतंय, ते खरं हुतं. मी म्हनले भास व्हतोय, ते खोटं हुतं. माजं चुकलं."

संगीता सतरंजीचा धागा वडत हुती.

"किती दिस?"

"दोन महिनं."

"रोज?"

"रोज."

तिनं धागा बोटाला गुंडाळला. मंग म्हनली, "मंजी तवा ती शेजारीन गप झालती, ते गोळीनं?"

"व्हय."

"मला वाटलं ती घर सोडून गेली."

तेवढ्यात दारापासनं भावजी वरडले, "आन् माजं काय? मला आजून दारुडा म्हनत्यात! ते गावाला कोन सांगनार?"

संगीतानं मान वर केली. "काका, तुमी माजी गोळी खाल्ली. ती आदी परत द्या."

समदी खोली हसली. भावजी बी हसले, आन् हसता हसता चपला काढून आत येऊन बसले. मी मातर हसले न्हाई. मी संगीताचं हसू बगत हुते. तीन वर्सांनी बगत हुते.

घरी निगताना ती मला म्हनली, "पाकीट माज्याकडं दे. मी फोडीन. आन् तू रांदलेलं आदी तू खायचं. माज्या म्होरं."

"खाईन."

"आन् परत मला भास म्हनायचं न्हाई. भास झाला तर मी सांगीन तुला."

"बरं."

भावजींनी गावात स्वताच सांगितलं. चावडीवर हुबं राहून, हात वर करून. लोकं अजून त्येनला म्हनत्यात, "आबा, चिक्की घ्या." ते म्हनत्यात, "तुज्या सासूला दे." पुन्याला टाकायचं मातर परत तोंडात आनलं न्हाई.

*

ते सोपं झालं, आसं समजू नका. मी भाजी-भाकरीचा घास मोडायचा, तिच्या समोर खायचा, मंग ती माज्याकडं बगत बसायची. भाकरी थंड व्हायची. मंग एक घास. पाच वाजता भूक लागली की आनखी एक. मी काय बोलायची न्हाई. श्रावनात एकदा तिनं आठ दिस गोळी सोडली, म्हनली मी बरी झाले आता. पर ह्या येळंला तिनं मला सांगून सोडली. मी जरीनाताईंना फोन लावला. त्या आल्या, दोगी अंगनात बसल्या, काय बोलल्या मला म्हाईत न्हाई. नवव्या दिवशी पाकीट फुटल्याचा आवाज आला.

पवनंच्या कडंला गुलाबाचं पॉलीहाऊस हाय, काचंवानी कागदाचं मोटं घर. तितं फुलं निवडून, ईस-ईसाच्या जुड्या बांदायचं काम असतं. जरीनाताईंनी बोलनं केलं. तितली सुपरवायजर बाई म्हनली, "अंगावर-बिंगावर येती का?"

जरीनाताई तोंड उगडायच्या आत संगीता म्हनली, "न्हाई. मला जेवायची सुट्टी येळंवर पायजे, गोळी असती. आन् कोन कानात बोलल्यावानी वाटलं तर मी जरा भाईर जाऊन यीन. तेवढं चाललं तर सांगा."

चाललं. आता दीड वरीस झालं. काट्यानं बोटं फाटत्यात, पर जुडी सरळ बांदती. आमच्या गावच्या दोन पोरी तिच्याकडनं शिकल्या.

ती शेजारीन अजून येती कदी कदी. मी इचारती, "आज काय म्हनती?"

"काय न्हाई. आज हळू बोलती."

नवऱ्याचा फोन आला न्हाई. आमी बी लावला न्हाई. संगीतानं एकदा म्हनलं, "बरी झाली की फोन करा म्हनला हुता. मी बरी झाले, पर मला वेळ न्हाई." ती आन् जरीनाताई लय हसल्या.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी पॉलीहाऊसची गाडी यायची येळ झालती. मी पिठलं-भाकरी ताटात वाढली, तिच्या म्होरं ठेवली, आन् माजा घास मोडायला हात धुवाया गेले. परत वळले तर ती अर्दी भाकरी खाऊन बसलीती. माजी वाट बगितली न्हवती. तोंडात घास तसाच, मला म्हनली, "आई, मीठ कमी हाय."

मी मीठ दिलं. तिनं घेतलं, जेवली, गोळीचं पाकीट पिशवीत टाकलं आन् गाडीला पळाली. मी तितंच चुलीपाशी बसले. माज्या सगळ्या आयुष्यात माज्या सयपाकाला कोनी नाव ठेवलेलं मला येवढं गोड लागलं न्हवतं.

ज्येंच्या घरात आसं मानूस हाय, त्येंनी माजं येवढंच ऐका. गोळी त्येच्या समोर फोडा, त्येला सांगून द्या. तो घेत न्हाई, थुंकतो, चावतो, ते मला म्हाईत हाय. तरी सांगून द्या. आन् चोरून दिली आसंल, तर आजच त्येच्या म्होरं बसा आन् कबूल करा. उद्यावर टाकू नका.